मिस्सेचा झगा आणि येवल्याचा माग

आमच्या नाशिकरोडच्या पोरांत हल्ली भांडण एकच: फादरांनी मिस्सेला जुना, कडक जरीचा, हात मोकळे ठेवणारा झगा घालावा की आताचा घोळदार? जुनेवाल्यांना वाटतं, परंपरा त्यांच्याच खिशात आहे. अरे, पण हा मूळचा रोमन माणसाचा रोजचा अंगरखा, 'पेनुला'. तो घोळदारच होता! पुढे जरीकामाने कापड जड झालं, हात उचलेनात, म्हणून कडा कातरत गेले. तुमची परंपरा शिंप्याच्या कात्रीतून आलीय. (वेदीसेवक होतो तेव्हा तो झगा सावरताना मलाच घाम फुटायचा.)

पण नवेवाल्यांचा चकाकता पॉलिस्टर तरी साधा कुठे? १९६९ साली रोमने भारतातल्या चर्चला साधा अंगरखा आणि अंगवस्त्र वापरायची मुभा दिली, तर 'हिंदूकरण' म्हणून ओरड झाली. मग पेनुला काय ख्रिस्ती विणकराने शोधला होता?

पैठणी विणणारं येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला वेदीवर तिथलं रेशीम दिसू दे. महाग पडेल म्हणता? परदेशी लेस काय फुकट येते?