सुपानें कांडण

गेल्या वैशाखांत वाशीमकडे एका आप्तांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आम्हांस आला. मंगलकार्य कांहीं नव्हतें. पण मंडळी जमली होती तितकी एखाद्या मुंजीलाहि हल्लीं जमत नाहीं. कारण होतें शेततळ्याचें. मालेगांव तालुक्यांत या कुटुंबाची आठ एकर जमीन आहे. तीन भावांपैकीं थोरले गांवीं राहून ती कसवितात, मधले पुण्यास नोकरीला आहेत आणि धाकटे परदेशीं. धाकट्यांनीं पैसे पाठविण्याचें कबूल केलें होतें. मधल्यांनीं ते कसे खर्च करावयाचे हें ठरविलें होतें. थोरल्यांना मात्र अद्याप कोणी कांहीं विचारलें नव्हतें.

मधल्या भावांचा बेत असा कीं, अठ्ठावीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर घ्यावा, त्याच्या तोंडाशीं लोडर बसवावा, आणि घरच्या घरीं शेततळें खणावें. भाड्याच्या यंत्राला तासागणिक पैसे मोजावयास नकोत, आणि घरचें यंत्र पुढें जन्मभर उपयोगी पडेल. परदेशांतील शेतकरी अशा चिमुकल्या यंत्रांनीं भराभर माती उपसतात, हें त्यांनीं फोनवरील चलच्चित्रांत पाहिलें होतें. बेत ऐकावयास गोड होता. असा मोह आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस पडत असेल, म्हणून ही हकीकत जरा सविस्तर सांगतों.

वाशीम म्हणजे जुन्या कागदांतील बाशीम, आणि त्याहून जुनें वाकाटकांचें वत्सगुल्म. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. गुरुचरित्रामुळें आपल्या घराघरांत ठाऊक असलेलें कारंजें याच जिल्ह्यांत आहे. पण यात्रेकरूस न दिसणारी एक गोष्ट येथील शेतकऱ्यास पक्की ठाऊक असते. ती ही कीं, हा प्रदेश पाणलोटाच्या कण्यावर बसलेला आहे. काटेपूर्णा येथून निघून उत्तरेस पूर्णेला, आणि तिच्या द्वारें तापीला मिळते. पैनगंगेचें पाणी वर्धेच्या वाटेनें गोदावरीच्या खोऱ्यांत जातें. दोन्हीं हातांनीं पाणी वांटून टाकणारें हें उदार पठार स्वतः मात्र उन्हाळा लागतांच कोरडें पडतें. तेथें तळें खणणें ही हौस नव्हे.

जमीन काळी, कपाशीची. हल्लीं तींत सोयाबीन आणि तूर अधिक. या मातींतील चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे पाणी पिऊन फुगतात आणि वाळले कीं आकसतात. म्हणून श्रावणांत ती पायांतली वहाण धरून ठेवते, आणि वैशाखांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडून दोन भेगांमधलें ढेकूळ विटेसारखें होतें. या शेतांत अशी माती चार हात. तिच्याखालीं मुरूम, आणि त्याच्याहि खालीं काळा पाषाण.

शेजारच्या गांवच्या एका गृहस्थांनीं आपला लोडरचा ट्रॅक्टर प्रयोगासाठीं आणला. लोडरचें पुढचें पात्र सुपाच्या घाटाचें असतें, तेव्हां आम्ही त्यास सूपच म्हणूं. तें भुईला टेकवून ट्रॅक्टर पुढें रेटला. सूप मातींत शिरेना. नुसतें घसरत गेलें आणि मागें आरशासारखा चकचकीत पट्टा उमटला. जोर वाढवितांच मागचीं चाकें जागच्या जागीं गरगरूं लागलीं; सुपाचें तोंड खालीं दाबलें तर पुढचीं चाकेंच अधांतरीं झालीं. अर्ध्या तासांत दोन घमेलीं माती निघाली. धुऱ्यावरील निंबाच्या सावलींत तिघां भावांच्या मातुःश्री हें पाहत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, सुपानें कधीं कांडतात का? कांडायला मुसळ लागतें.”

आम्हीं पुढें जाणकारांस विचारलें, तेव्हां सर्व शास्त्र या एका वाक्यांतच आहे असें आढळलें. लोडर हा सैल वस्तु उचलण्यासाठीं केलेला आहे. शेणखत, गाळ, नांगरलेली माती हीं त्याचीं कामें. कठीण भुईंत पात्र घुसवावयाचें तर जोर चाकांच्या पकडीचा, आणि पकड वजनाची. टनभर वजनाचा ट्रॅक्टर तो जोर आणणार कोठून? शिवाय भरलेलें सूप उचललें कीं सारा भार पुढच्या आंसावर येतो, आणि पकड हवी नेमकी त्याच वेळीं मागचीं चाकें हलकीं होतात. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘जेसीबी’ म्हणतात, तें यंत्र निराळ्या युक्तीचें. इंग्लंडांतील जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या कारखान्यानें १९५३ सालीं पुढें लोडर व मागें खणावयाचा हात अशी जोडणी बाजारांत आणली. त्यांच्या नांवाचीं आद्याक्षरें आज आपल्या खेड्यांतील पोरांच्याहि तोंडीं आहेत. तें यंत्र कित्येक टन वजनाचें असतें. तें दोन पाय भुईवर रोवून बसतें आणि मागच्या हाताच्या अरुंद, दांतेरी पात्रानें माती आपल्याकडे ओरबाडतें. उचलणारें सूप आणि खणणारा हात हीं त्यांत मुळांतच वेगळीं आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर नवा होता तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आपलें आजचें अडाणीपण उलट्या बाजूचें आहे. लोखंड लावलें कीं जमीन मुकाट्यानें ऐकेल, असें आपल्यास वाटतें.

घरचे जुने सालदार एवढा वेळ गप्प होते. थोरल्यांनीं विचारल्यावर ते बोलले, “आंधी भुईले पानी पाजा, मंग नांगर घाला. कोरडी भुई कोनाच्या बापाचं आयकत नाई.” यावर मधले भाऊ हंसले. पाणी पाजावयास विहिरींत पाणी असतें तर तळें कशाला हवें होतें! पण तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं वळवाची एक सर येऊन गेली. एक दिवस जाऊं देऊन, वरच्या थराला वाफसा येतांच, त्याच ट्रॅक्टरला पलटी नांगर जोडला. नांगर एक वीत खोल गेला. मग नांगर मागें तसाच लटकत ठेवून सूप लावलें; मागच्या वजनानें चाकें टेकून राहिलीं आणि सूप भरूं लागलें. पुन्हां नांगर, पुन्हां सूप. संध्याकाळपर्यंत खोलीएवढा खड्डा झाला आणि मधल्यांचा चेहरा खुलला.

तेव्हां थोरल्यांनीं पाटी-पेन्सिल मागविली. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळें’ या सरकारी योजनेंतील सर्वांत मोठें तळें तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. कडांस एकास एक उतार धरल्यास त्यांतून २,१९६ घनमीटर माती निघते. लहान लोडरचें सूप घनमीटराच्या पांचव्या हिश्श्याएवढें. म्हणजे अकरा हजार सुपें; आणि खणलेली माती फुगून सव्वापट होते हें धरलें तर पावणेचौदा हजार. एका सुपास दोन मिनिटें म्हटलीं तरी साडेचारशेंवर तास. नांगरण्याचा वेळ निराळा, आणि मुरूम लागल्यावर काय होईल तें आणखी निराळें. पाटी सर्वांच्या हातीं फिरली. कोणी कांहीं बोललें नाहीं.

साडेचारशें तासांचा हा आंकडा पाहून आम्हांस याच तालुक्यांतील एका मजुराची आठवण झाली. २०१६ च्या उन्हाळ्यांत त्याची हकीकत देशभरच्या वृत्तपत्रांतून आली होती. त्याच्या बायकोला वरच्या जातीच्या लोकांनीं विहिरीवर पाणी भरूं दिलें नाहीं. त्या माणसानें रोजची मजुरी सांभाळून, पहांटे व संध्याकाळीं, एकट्यानें पहार आणि फावडें चालवून चाळीस दिवसांत विहीर खणली, आणि तिला पाणी लागलें. त्याच्यापाशीं ना नांगर होता, ना सूप. आणि भुई हीच. ही आठवण आम्हीं बोलून दाखविली, तेव्हां मातुःश्रींनीं सालदारांकडे पाहून त्यांस चहा आणावयास सुनेला सांगितलें. घरांतल्या कपांत आणावयास सांगितलें, हेंहि येथें नमूद करतों.

आतां आमच्या घरची एक गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वांट्याच्या शेतांत आम्हीं भाड्याच्या मोठ्या यंत्राकडून तळें खणून घेतलें. यंत्र रात्रीं आलें. आम्ही पुण्यास होतों. फोनवर “होऊं द्या” म्हणालों आणि निजलों. चालकास तासाचे पैसे मिळावयाचे. कोणती माती कोठें टाकावी, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. त्यानें वरची काळी माती आधीं कांठावर टाकली, तिच्यावर मुरूम टाकला, आणि शेवटीं तो सगळा ढीग शेतांत पसरून सपाट करून दिला. शेत दिसावयास सुरेख दिसत होतें. पण अर्ध्या एकरावर मुरूम वर आणि काळी माती पोटांत. त्या पट्ट्यांत तीन हंगाम सोयाबीन वितीवर गेलें नाहीं. जी काळी माती घडावयास हजारों वर्षें लागलीं, ती आम्हीं दोन रात्रींत पुरली. वर, तळ मुरमांत गेल्यामुळें पाणीहि ठरेना. शेजारच्या विहिरीला पाझर वाढला, त्यांचें भलें झालें. आम्हांस मात्र अस्तराचा कागद विकत घ्यावा लागला. यंत्र नि चालक दोन्हीं चांगलीं होतीं. उभें राहणारें कोणी नव्हतें.

हें ऐकल्यावर वादाचा रोख पालटला. लोडर तूर्त घेऊं नये; ट्रॅक्टर व नांगर घ्यावा; तळें भाड्याच्या यंत्रानेंच खणावें, पण दिवसा, आणि थोरले समोर असतांना. केव्हां, यावरच खरा तंटा झाला. आतां खणलें तर तळें यंदांच भरेल. पण वैशाखांतली भुई दुप्पट तास खाईल. सोयाबीन निघाल्यावर कार्तिकांत खणलें तर ओल असते, काम हलकें होतें. पण एक पावसाळा वायां जातो, आणि पुढचा उन्हाळा पुन्हां टँकरच्या पाण्यावर. मधले यंदांसाठीं हट्ट धरून होते. थोरले म्हणाले, “टँकर आणायला मीच जातों ना?” मग कार्तिक ठरला.

त्या खोलीएवढ्या खड्ड्यांत पोरांना एक नवा खेळ सांपडला होता. सुपांत बसून वर जाण्याचा. चालक हौसेनें त्यांना उचलीत होता. मातुःश्रींनीं तो तत्काळ बंद करविला, आणि तें योग्यच झालें. उचललेल्या सुपाखालीं वा सुपांत माणूस असूं नये, आणि ओझें नेतांना तें भुईलगत ठेवावें. उंच धरलेलें सूप उताराला ट्रॅक्टर कलंडवितें.

परवां थोरल्यांचा फोन आला. यंत्र आलें. आधीं दीड हात काळी माती काढून ती पूर्वेच्या धुऱ्याला निराळी रचली, मुरूम पश्चिमेला. नवव्या फुटावर पाषाण लागला आणि काम थांबलें. पुढें ब्रेकर लावावा कीं तळें तेवढेंच उथळ ठेवावें, याविषयीं पुण्याचें मत मागविलें आहे. तें अद्याप आलेलें नाहीं. दरम्यान सालदारांनीं काळ्या मातीच्या ढिगावर वाल टोकून दिला आहे.