गाडी ज्याला दिसते, त्याने कडेला

अरुंद फुटपाथवर दोघे समोरासमोर आले तर कोणी कुठून जावं? शाळेतलं पाठ उत्तर तयार असतं : डावीकडून. वाहनांना जो नियम, तोच पायी चालणाऱ्याला. वाद नको, विचारही नको.

दुहेरी रस्त्यावर हे उत्तर बरोबर येतं, हे आधी मान्य करू. रहदारीच्या दिशेने चालणारा डावीकडे सरला की दुकानांच्या बाजूला जातो. समोरून येणारा कडेला येतो. गाड्या ज्याच्या पाठीमागून येतात तो आत, ज्याला त्या दिसतात तो बाहेर. झकास! पण हे श्रेय डाव्या बाजूचं नाही, दिसण्याचं आहे. पुण्याचा लक्ष्मी रस्ता घ्या. तो एकेरी. त्याच्या उजव्या हाताच्या फुटपाथवर गाड्यांच्याच दिशेने चालत डावीकडे सरा. थेट कडेला याल, तेही गाड्यांकडे पाठ करून. समोरचा मात्र साड्या नेसवलेल्या पुतळ्यांना खेटून सुखरूप जाईल. नियम तोच, फळ उलटं.

म्हणून माझं म्हणणं, डावं-उजवं सोडा. येणारी गाडी ज्याला दिसते त्याने कडेची बाजू घ्यावी, आणि खाली उतरायची वेळ आलीच तर त्यानेच उतरावं. त्याच्या हाताला लहान मूल असेल, किंवा हातात काठी असेल, तर दुसऱ्याने जागच्या जागी थांबावं. डीपीच्या पेटीने वाट निम्मी खाल्लेली असते तिथे तर पेटीच्या अलीकडेच थांबावं. मध्ये घुसून मग अंग चोरण्यात काय हशील?

‘बाईमाणसाला नेहमी आत घ्यावं’ हा दाक्षिण्याचा नियमही मला पटत नाही. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेले आजोबा गाड्यांकडे पाठ करून येत असतील, तर रिकाम्या हाताने समोरून येणाऱ्या तरुणीने कडेला व्हायला काय हरकत आहे?

काही जण म्हणतील, आधी फुटपाथ द्या, मग रीत शिकवा. मागणी रास्त आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचनांत किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१शी जोडला. महापालिकेला यावर धारेवर धराच. पण निविदा निघून, काम होऊन, लाद्या बसेपर्यंत समोरच्या आजी पायरीवर ताटकळत थांबणार नाहीत. शिवाय रुंद झालेल्या फुटपाथवर दुचाकी चढवणारे आपणच. मग उरतं पुन्हा हातभरच.

राहता राहिले चौघे मित्र, हारीने चालणारे. त्यांना समोरची गाडी दिसत नाही, माणूसही दिसत नाही. त्यांनी एकामागे एक व्हावं. गप्पा तुटणार नाहीत; आवाज थोडा चढवावा लागेल, आणि पुण्यात त्याची कोणाला अडचण झाल्याचं ऐकिवात नाही.