परदेशाची ओढ, की वसतिगृहाचे कुलूप?

कॉलेजात शिकता शिकता स्वतःचा उद्योग काढू पाहणारी मुले-मुली आपल्याच संस्थेतले इनक्युबेशन सेंटर सोडून परदेशी कार्यक्रमांकडे का वळतात, असा प्रश्न हल्ली शिक्षणसंस्थांमधून विचारला जातो. उत्तरही तयार असते. पोरांना डॉलरचे आकर्षण आहे, परदेशी शिक्क्याची हौस आहे, इथल्या सोयींची किंमत नाही. त्यातही मुलगा गेला तर तो महत्त्वाकांक्षी ठरतो आणि मुलगी गेली तर तिला शिंगे फुटली असे म्हटले जाते.

पैशाचे आकर्षण असतेच आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मुलींच्या बाबतीत एवढ्या उत्तरावर समाधान मानता येणार नाही. माझे म्हणणे असे की, अनेक मुलींना बाहेरचा रस्ता जवळचा वाटतो तो घराजवळचे दार त्यांच्यासाठी अर्धेच उघडे असते म्हणून. आणि ज्यांना बाहेर जाणे शक्यच नाही अशा मुलींची संख्या फार मोठी असल्याने, हे अर्धे दार हा स्त्री-चळवळीचा प्रश्न आहे.

इनक्युबेटर हा शब्द आपल्याला दोन ठिकाणी भेटलेला असतो. कमी वजनाच्या बाळाला ठेवायची काचेची पेटी, आणि कोंबडीची अंडी उबवायचे यंत्र. उद्योगाच्या जगातही अर्थ तोच. कल्पना नाजूक असते तोवर तिला ऊब द्यायची. बसायला जागा, वापरायला यंत्रे, कायद्याचा आणि हिशेबाचा सल्ला, थोडे भांडवल. मुंबईच्या आयआयटीत असे 'साइन' हे केंद्र २००४ साली सुरू झाले, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 'व्हेंचर सेंटर' २००७ साली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' मोहीम सुरू केली आणि त्यानंतर कॉलेजाकॉलेजात अशा पाट्या लागल्या. अटल इनोव्हेशन मिशनखाली एका केंद्राला पाच वर्षांत १० कोटी रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद झाली. २०२१ साली ९४५ कोटी रुपयांची 'स्टार्टअप इंडिया सीड फंड' योजना आली. तीत नमुना तयार करण्यासाठी एका उद्योगाला २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली, पण ते इनक्युबेटरमार्फतच आणि कामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी. म्हणजे इनक्युबेटर ही नुसती टेबल-खुर्चीची सोय राहिलेली नाही. सार्वजनिक पैशापर्यंत पोचण्याचे ते दार आहे. ते कोणासाठी किती उघडते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. 'हे केंद्र चोवीस तास उघडे आहे' असे माहितीपत्रकात छापलेले असते. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक मात्र रात्री आठ-नऊला बंद होते. दिवसा तास, प्रात्यक्षिके, हजेरी. प्रयोगशाळेतले महागडे यंत्र रिकामे मिळते ते रात्री. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तर तेही रात्री. तिघांनी मिळून काढलेल्या उद्योगात दोन मुले आणि एक मुलगी असेल, तर रात्री अकराला चहाच्या टपरीवर जे ठरते ते तिला सकाळी कळते. ती कागदोपत्री भागीदार असते आणि निर्णयात पाहुणी. पुढे 'तिचा सहभाग कमी होता' असेही म्हटले जाते आणि त्यावरून तिचा हिस्साही कमी ठरतो.

उशिरा थांबायचे तर पालकांचे संमतीपत्र आणा, असे तिला सांगतात. आपल्या कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झालेली मुलगी कंपनीची संचालक होऊ शकते. तिची सही बँकेत चालते, करारावर चालते. पण रात्री दहापर्यंत प्रयोगशाळेत बसण्यासाठी बापाची सही लागते! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत (२०१५) स्पष्ट म्हटले आहे की, सुरक्षिततेचे कारण पुढे करून वसतिगृहातील मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहात ठरावीक तासांत मोबाइल वापरू न देण्याच्या नियमाविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल दिला आणि इंटरनेट वापरणे हे शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्कात येते असे सांगितले. नियम आहे, निकाल आहे. रेक्टरबाईंच्या टेबलावरची वही मात्र बदललेली नाही.

दुसरा प्रश्न सत्तेचा. कॅम्पसवर मुलीचे प्रकल्प-मार्गदर्शक, तिला गुण देणारे, शिफारसपत्र लिहिणारे आणि इनक्युबेटरच्या निवड समितीत बसणारे 'सर' ही बऱ्याचदा एकच व्यक्ती असते. अशा वेळी पेटंटच्या अर्जावर कोणाचे नाव आधी जाते, कंपनीत कोणाला किती भाग मिळतो, यावर ती तोंड उघडून बोलणार कशी? आणि प्रकरण त्याहून पुढचे असेल तर? २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. तिघा-चौघांच्या नवजात कंपनीत ती नसते, तिथे तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे न्यायची. इनक्युबेटर अनेकदा कॉलेजापेक्षा वेगळी, ना-नफा कंपनी म्हणून नोंदवलेला असतो. मग मुलगी विद्यार्थिनी म्हणून तक्रार करणार की उद्योजक म्हणून, कॉलेजाच्या समितीकडे की आणखी कुठे, या घोळात ती अडकते. परदेशी कार्यक्रमातल्या सल्लागाराच्या हातात निदान तिच्या परीक्षेचे गुण नसतात. हा फरक लहान नाही.

तिसरा प्रश्न मालकीचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणानुसार, दिलेल्या सोयींच्या बदल्यात संस्था विद्यार्थ्याच्या कंपनीत २ ते ९.५ टक्के भाग घेऊ शकते. संस्थेची साधने मोठ्या प्रमाणावर वापरली असतील किंवा शोध अभ्यासक्रमाचा भाग म्हणून लागला असेल, तर त्यावर मालकी दोघांची. आता शेजारी ठेवून पाहा. अमेरिकेतला २००५ साली सुरू झालेला 'वाय कॉम्बिनेटर' सात टक्के भाग घेतो, पण त्यासाठी सव्वा लाख डॉलर रोख देतो आणि शिवाय आणखी पावणेचार लाख डॉलर पुढच्या गुंतवणुकीच्या अटींवर. बॉस्टनचा 'मासचॅलेंज' भाग मागतच नाही. चिली देशाच्या सरकारने २०१० साली सुरू केलेल्या 'स्टार्टअप चिली'ने परदेशी तरुणांनाही भाग न मागता पैसे दिले आणि पुढे फक्त स्त्रियांच्या उद्योगांसाठी 'द एस फॅक्टरी' हा वेगळा वर्ग काढला. हिशेब येणारी मुलगी यातले काय निवडेल? तिला दोष देण्याआधी आपण तोच हिशेब मांडून पाहावा.

न्यायाने हेही सांगायला हवे की त्याच २०१९ च्या धोरणात चांगल्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्याला एक सत्र किंवा वर्षाची सुट्टी घेता येते, परवानगीने हजेरीत सूट मिळते, कंपनीच्या नोंदणीसाठी केंद्राचा पत्ता वापरता येतो. अडचण अंमलबजावणीची. मुलाने वर्षाची सुट्टी मागितली तर घरचे कुरकुरतात, मुलीने मागितली तर स्थळे बघायला लागतात. निवड समितीतही तिला बाजारपेठेबद्दल विचारायचे सोडून 'लग्नानंतर कंपनीचे काय?' असे विचारणारे सापडतात.

तर मग बाहेर सगळे आलबेल आहे का? मुळीच नाही, आणि आपल्या मुलींना हे कोणीतरी सांगायला हवे. न्यूयॉर्कच्या 'टेकक्रंच डिसरप्ट' या स्पर्धेतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास डॅना कान्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के प्रश्न 'किती वाढाल' या जातीचे होते, तर स्त्रियांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के 'बुडणार तर नाही ना' या जातीचे. २०१८ साली खुद्द मासचॅलेंज आणि बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप यांनी ३५० कंपन्यांचे आकडे तपासले. स्त्रियांनी काढलेल्या कंपन्यांना सरासरी ९ लाख ३५ हजार डॉलर मिळाले होते, पुरुषांच्या कंपन्यांना २१ लाखांहून जास्त. पण गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्त्रियांच्या कंपन्यांनी ७८ सेंट उत्पन्न मिळवले आणि पुरुषांच्या कंपन्यांनी ३१ सेंट. कमी पैशात जास्त संसार करण्याची आपली जुनी गोष्टच इंग्रजीत सांगितली म्हणायची! २०१७ साली '५०० स्टार्टअप्स' या कॅलिफोर्नियातल्या नावाजलेल्या कार्यक्रमाच्या संस्थापकाला पद सोडावे लागले. कामाच्या संदर्भात अनेक स्त्रियांशी गैर वागल्याचे त्याने स्वतःच जाहीरपणे मान्य केले होते. पुरुषसत्तेला व्हिसा लागत नाही.

शिवाय बाहेर जाते कोण? वाय कॉम्बिनेटरसाठी सुमारे तीन महिने सॅन फ्रान्सिस्कोत राहावे लागते. पासपोर्ट, व्हिसाची मुलाखत, अस्खलित इंग्रजी, तिकिटाचे पैसे, 'जा' म्हणणारे घर, आणि अर्ज कसा लिहायचा हे सांगणारा ओळखीचा कोणी. जातीने आणि वर्गाने ज्यांना हे सारे आधीच दिले आहे त्यांच्यासाठीच हा रस्ता. २०२४-२५ पासून आपल्या राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. आनंदाची गोष्ट. या सवलतीने इंजिनिअरिंगला आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलीला सॅन फ्रान्सिस्को दूर आहे. तिला परवडणारे एकच इनक्युबेटर आहे, ते म्हणजे तिच्या कॉलेजातले. आणि तिथलेच फाटक तिच्यासाठी आठला बंद होते.

काही मैत्रिणी म्हणतील, हा सारा भांडवलाचा खेळ, मूठभर शिकलेल्या पोरींचा प्रश्न. आपल्यापुढे अंगणवाडी सेविकांचे मानधन आहे, ऊसतोड बायांचे प्रश्न आहेत, त्यात हे कशाला? शंका रास्त आहे. पण उद्योग हा आपल्या बायांना परका नाही. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण मानली जाते. मालकी कोणाची आणि किती, हा प्रश्न चळवळीने तेव्हाही विचारला. आज तोच प्रश्न संगणकासमोर बसलेल्या मुलीचा आहे. रात्री बाहेर राहण्याचा, तक्रार ऐकली जाण्याचा, आपल्या कष्टाच्या मालकीचा हक्क कामगार बाईला हवा तसाच तिलाही हवा. आणि हा पैसा सरकारी आहे. तो फक्त मुलांच्या वसतिगृहातल्या पोरांपर्यंत पोचत असेल, तर आपण गप्प बसून चालणार नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. ज्या कॉलेजाला इनक्युबेटरसाठी सरकारी अनुदान मिळते तिथे मुलामुलींच्या वसतिगृहांच्या वेळा एक असाव्यात, आणि रात्री काम करणाऱ्यांसाठी दिवे, पहारा व गाडीची सोय संस्थेने करावी. सज्ञान मुलीकडे पालकांचे संमतीपत्र मागू नये. गुण देणारा शिक्षक तिच्या कंपनीच्या निवड समितीत नसावा आणि कंपनीत त्याला भाग हवा असेल तर करार तिसऱ्या तटस्थ व्यक्तीसमोर व्हावा. इनक्युबेटरमधल्या प्रत्येक कंपनीतील विद्यार्थिनीची तक्रार कॉलेजची अंतर्गत समिती ऐकेल असे लेखी जाहीर व्हावे. संस्था किती टक्के भाग घेणार हे प्रवेशाच्या दिवशीच मराठीतून लिहून द्यावे. आणि दरवर्षी किती अर्ज आले, त्यांत मुलींचे किती, राखीव प्रवर्गातून आलेल्यांचे किती, कोणाला किती रक्कम मिळाली, हे फलकावर लावावे.

यातली शेवटची माहिती मिळवायला आपल्याला कोणाची परवानगी नको. सरकारी आणि अनुदानित संस्थांना माहितीच्या अधिकाराचा कायदा (२००५) लागू आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गटांनी आपल्या भागातल्या एका तरी कॉलेजात असा अर्ज करावा आणि वसतिगृहातल्या मुलींबरोबर एक बैठक घ्यावी. ज्या मुली परदेशी कार्यक्रमांना निघाल्या आहेत त्यांना अडवू नका, करार नीट वाचून जा म्हणून सांगा, आणि परत आल्या की काय शिकल्या ते धाकट्या मुलींना सांगायला बोलवा. त्यांच्या मागे राहिलेल्या मुलींसाठी मात्र फाटकाची वेळ बदलून घेण्याचे काम आपले आहे.