शब्दविचार : पर्व, कांड आणि जाती

शाळेतले विज्ञान शिकून आलेली मुले हल्ली घरात विचारतात : बटाटा हे मूळ नव्हे, ते जमिनीखालचे खोड आहे; मग कंदमूळ म्हणून आपण तो वर्ज्य का मानतो? वडीलधारी मंडळी कधी गप्प राहतात, कधी रागावतात. वास्तविक या प्रश्नात आचाराला धक्का देण्यासारखे काही नाही. गोंधळ परिभाषेचा आहे, आणि तो उलगडण्यासाठी थोडी आडवाट घ्यावी लागेल.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी 12 व्या शतकात काव्याच्या वृत्तांवर ‘छंदोऽनुशासन’ लिहिले, तसाच वनस्पतींच्या नावांचा ‘निघंटुशेष’ हा कोशही रचला. या कोशाचे वृक्ष, गुल्म, लता, शाक, तृण आणि धान्य असे सहा विभाग आहेत व त्या प्रत्येकास ‘कांड’ म्हटले आहे. कांड हा शब्द मुळात वनस्पतीचाच. उसाला जेथे डोळा असतो ती गाठ म्हणजे पेर, आणि दोन पेरांमधला सरळ भाग म्हणजे कांडे. पेर हे ‘पर्व’ या संस्कृत शब्दाचे मराठी रूप. ग्रंथात मात्र हा भेद पुसला गेला. महाभारताची अठरा पर्वे आणि रामायणाची सात कांडे, दोहोंचा अर्थ एकच : विभाग. वनस्पतिशास्त्राला ही मोकळीक परवडत नाही. तेथे गाठीला कांडे म्हटले की वर्णनच चुकते. (चतुर्दशीला आपण पर्वतिथी म्हणतो, त्यातही कालाचा सांधा हाच मूळ अर्थ आहे.)

फुलांच्या बाबतीत कवी अधिकच उदार. तुळशीची मंजरी, आंब्याचीही मंजरी. आणि मल्लिषेणसूरींच्या टीकेचे नावही ‘स्याद्वादमंजरी’. वनस्पतिशास्त्रज्ञ विचारतो, प्रत्येक फुलाला देठ आहे काय? लांब दांड्यावर देठाची फुले असतील तर मंजरी, बिनदेठाची असतील तर कणिश. आंब्याचा मोहोर फांद्याफांद्यांचा, म्हणून ती परिमंजरी. झेंडूला आपण एक फूल समजतो, पण तो अनेक लहान फुलांचा स्तबक आहे. हरिभद्रसूरींच्या ‘शास्त्रवार्तासमुच्चया’तील प्रकरणांनाही स्तबकच म्हणतात.

सर्वांत फसवा शब्द ‘जाती’. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’त छंद, वृत्त आणि जाती हे तीन वेगळे प्रकार आहेत. लघु-गुरूंचा क्रम ठरलेला ते वृत्त. केवळ मात्रांची मोजणी पाळणारी ती जाती. मराठी विश्वकोशात जाती हा वनस्पतींच्या वर्गीकरणातला शब्द आहे, आणि अनेक जाती मिळून प्रजाती होते. हिंदीत नेमके उलटे : तेथे प्रजाति हा लहान गट. हिंदी पुस्तकावरून मराठी मजकूर तयार करणाऱ्यांनी हा घोळ वर्तमानपत्रांत पुरता रुजवला आहे. संस्कृतात जाती म्हणजे जाईचे फूलही, आणि जायफळही ‘जातीफल’. किराणा मालाच्या व्यापाऱ्यांना सांगावयास नको की जायपत्री हे पान नव्हे. ते जायफळाच्या बीवरचे लाल जाळीदार वेष्टन. तमालपत्र मात्र खरोखरच पान.

आता बटाटा. त्यावरचे डोळे म्हणजे पेरांवरच्या कळ्या, म्हणून तो खोड. गाजर हे मूळ. कांदा म्हणजे पानांचे जाड झालेले तळ. भुईमुगाची शेंग मातीत वाढली तरी फळ, आणि अनेक घरांत ती चालते. ही वाटणी अवयवांची आहे. शास्त्रकारांचा प्रश्न निराळा होता : एका शरीरात एक जीव की अनंत? पहिली ती प्रत्येक वनस्पती, दुसरी साधारण, म्हणजेच अनंतकाय. शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात साधारण वनस्पतीची लक्षणे दिली आहेत : शिरा, सांधे आणि पर्वे स्पष्ट दिसत नाहीत, मोडल्यास सारखा भंग होतो, तंतू निघत नाहीत, आणि छेदूनही ती पुन्हा उगवते. पाठशाळेत मुले पाठ करतात त्या या प्राकृत गाथा. त्यांचे वृत्त मात्रांचे, म्हणजे जातीच.

बटाटा दक्षिण अमेरिकेतला, युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आलेला. जुन्या ग्रंथांत त्याचे नाव असणे शक्यच नव्हते. तो लक्षणांवरून अनंतकायात गणला गेला. ‘कंदमूळ’ हा बोलीतला जोडशब्द सोयीचा आहे, पण त्यातील ‘मूळ’ शब्दावर सगळा भार टाकला की मुलाचा प्रश्न बरोबर ठरतो आणि आपले उत्तर लंगडे पडते. मौज अशी की दोन्ही पक्षांचा पुरावा एकच डोळा. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतो, डोळा आहे म्हणून हे खोड. शास्त्रकाराचे लक्षण सांगते, डोळ्यासह कापलेला तुकडा उगवतो, म्हणून हे छिन्नरुह. मुलाला हे दाखवावयाचे तर भाजीवाल्याकडचा एखादा कोंब फुटलेला बटाटा पुरे.