नाव जुळत नाही म्हणे

वऱ्हाडात 'मिसमॅच' हा आता मराठी शब्द झालाय. दर्यापूरच्या बाजारात, मूर्तिजापूरच्या स्टँडवर, अकोटच्या एखाद्या सेतू केंद्राबाहेरच्या बाकड्यावर. आयुष्यात इंग्रजीचं एक पुस्तक न उघडलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तो येतो. "मिसम्याच आला." जसा ताप येतो, जशी बोंडअळी येते, तसा मिसमॅच येतो. कुठून आला ते विचारायचं नाही. झेरॉक्स जोडायच्या, फोटो चिकटवायचा, पुढच्या सोमवारी परत यायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. शिकलो अमरावतीत, नोकरी पुण्यात. मिसमॅच कुठून येतो हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच राग येतो. तो आभाळातून पडत नाही. कुणीतरी, बहुतेक माझ्याच वयाच्या कुणीतरी, एसीत बसून एक ओळ लिहिलेली असते: हे नाव आणि ते नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का? नसेल तर अर्ज बाद. ती ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. तिचं भाडं भरतो तो सकाळची एसटी पकडून, एका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आलेला माणूस.

आता तुम्ही म्हणाल, नाव नीट लिहा ना मग. कोणतं नीट? वानखडे घ्या. इंग्रजीत पहिलं अक्षर डब्ल्यू की व्ही? 'ख'च्या पुढे ए की ई? दोन जागा, प्रत्येकी दोन पर्याय, म्हणजे एका आडनावाची चार स्पेलिंगं, आणि चारही बरोबर. तायडेंचं तसंच: वाय की आय, मधे एक ए आहे की नाही. इंगळे, ठाकरे, गावंडे, कुणालाही विचारा. शाळेच्या दाखल्यावर एक, पॅनवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. ही त्या कुटुंबाची चूक नाही. मराठी नाव रोमन लिपीत कसं लिहायचं याचा एकच सक्तीचा नियम या देशात कधी नव्हताच. हंटरची पद्धत आहे, आयएसओची 15919 क्रमांकाची आहे, पण आयएसओच्या पद्धतीत अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं लागतात, आणि सरकारी फॉर्मने ती घेतली तर मी नोकरी सोडून कपाशी लावीन.

त्यात 'ळ'. रोमन लिपीत 'ळ' नाही. काळे आणि काले, इंग्रजीत दोघांचं एकच. माझ्या स्वतःच्या आडनावातही 'ळ' आहे, पण तो फक्त घरी आणि सातबाऱ्यावर असतो. ऑफिसात मी 'ल'चा माणूस. बरं, वऱ्हाडी माणूस तरी 'ळ' कुठे म्हणतो? केळीला केयी, डोळ्याला डोया. समोर बसून इंग्रजीत टाइप करणाऱ्या पोराच्या कानावर काय पडलं आणि बोटातून काय उतरलं असेल, विचार करा.

हे टाइप करणं कधी झालं तेही आठवून पाहा. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, 29 सप्टेंबर 2010 ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. मग गावोगाव शाळेच्या खोल्यांत मशिनी लागल्या. नोंदणी करणाऱ्या एजन्सीला पैसे नोंदणीमागे मिळायचे, म्हणजे घाई पक्की. ऑपरेटर इंग्रजीत नाव टाकायचा आणि मराठी नाव सॉफ्टवेअर स्वतःच बनवायचं. ते तपासायला नोंदणी करणाऱ्याच्या तोंडासमोर दुसरा स्क्रीन ठेवायचा नियम होता. चांगला नियम. फक्त तो स्क्रीन वाचता येणारी बाई समोर असेल, तिच्या मागे रांग नसेल आणि लाइन गेली नसेल, हे धरून केलेला. तेव्हा जे घाईत उमटलं, तेच आज मूळ नाव. आईबापांनी ठेवलेलं, सातबाऱ्यावर तीन पिढ्या चालत आलेलं, गावाने रोज हाक मारलेलं नाव आता त्याच्याशी जुळलं तर खरं. आणि दुरुस्ती? आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

"इंग्रजी सोडा, मराठीला मराठी जुळवा," असं मला एका तलाठ्याच्या ओळखीतल्या माणसाने सांगितलं होतं. बरोबर बोलला, पण तिथेही गंमत आहे. ज्या शब्दाने मी हा लेख सुरू केला तो 'वऱ्हाड' घ्या. त्यातला तो झोपलेला अर्धा र संगणकात दोन पद्धतींनी साठवता येतो. एकात त्या ऱ्यासाठी युनिकोडमधलं वेगळं अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. म्हणजे कुऱ्हाडे नावाचा माणूस दोन कागदांवर तंतोतंत सारखा छापलेला असूनही मिसमॅच होऊ शकतो, आणि काउंटरवरचा माणूस दोन्ही कागद उजेडात धरून बघत बसेल. हे टाळायला तुलना करण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्यायची असतात. अवघड नाही. एका दुपारचं काम आहे. पण त्यासाठी मराठीत 'ऱ्य' नावाची गोष्ट असते हे ठाऊक असावं लागतं, आणि बहुतेक टीममध्ये ते विचारायलाच कुणाला सुचत नाही.

माझ्या धंद्यातली मंडळी इथे एक वाक्य टाकतात: हा प्रॉब्लेम कठीण आहे. नाही. हा प्रॉब्लेम म्हातारा आहे. उच्चारावरून नावं जुळवायची साउंडेक्स नावाची पद्धत रॉबर्ट रसेलने अमेरिकेत 1918 साली पेटंट केली. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. आपल्या तायडेंची सगळी स्पेलिंगं तिच्यात टाकली की एकच कोड येतो, टी-300. इंगळेंची दोन्ही स्पेलिंगं एका कोडवर येतात. ठाकरे कुठल्याही स्पेलिंगचे असोत, मुंबईच्या त्या प्रसिद्ध स्पेलिंगचेसुद्धा, टी-260 वरच येतात. वानखडे मात्र तिथेही अडतात, कारण पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवलं की डब्ल्यू आणि व्ही वेगळे पडतात. मग दुसरं हत्यार घ्या. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायची रीत लेवेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने 1965 मध्ये दिली. तिच्या हिशेबाने डब्ल्यूवाले आणि व्हीवाले वानखडे यांच्यात अंतर एक. ही गोष्ट आम्हाला इंजिनियरिंगला शिकवली जाते, इंटरव्ह्यूत विचारली जाते, तिच्यावर लाखांची पॅकेजं ठरतात. नोकरी लागली की ती विसरायची आणि दोन नावांच्या मधे बरोबरची दोन चिन्हं टाकून मोकळं व्हायचं.

आधारच्या पडताळणीच्या तांत्रिक दस्तऐवजातसुद्धा नाव तंतोतंत जुळवायचं की अंशतः, हे पडताळणी मागणाऱ्याने निवडायची सोय दिलेली आहे. म्हणजे कडकपणा ही यंत्राची मजबुरी नाही. कुणीतरी तो निवडतो.

माझी आत्या दर्यापूर तालुक्यात राहते. एका योजनेचे पैसे तिच्या खात्यातून तीनदा परत गेले. कोणती योजना, कोणती बँक, ते राहू द्या. मेसेज इंग्रजीत आला, तोही तिच्या फोनवर नाही, दिराच्या मुलाच्या, कारण घरात चालू नंबर त्याचाच. केंद्रावरचा पोरगा चांगला होता. म्हणाला, "मावशी, नाव मॅच नाही होऊन राह्यलं." आत्या म्हणाली, "माहं नाव मी सांगतो ना. मले नाई माहीत त मंग कोनाले माहीत?"

मला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, आणि ते संतापजनक आहे. सिस्टिमच्या मते आत्याला तिचं नाव माहीत नाही. तिचा आधार क्रमांक जुळला. अंगठा जुळला. क्रमांक असतो कशाला? दोन माणसं एकाच नावाची असू शकतात आणि एका माणसाची नावं दोन असू शकतात, म्हणूनच. डेटाबेसच्या पहिल्या तासाला हे शिकवतात: ओळख क्रमांकाने पटवा, नावाने नाही. इथे क्रमांक पटला, शरीर पटलं, आणि तरी स्पेलिंगच्या एका 'ए'ने दोघांना हरवलं.

फसवणूक होते, हे इथे ऐकवलं जातं. होते. पण जरा फसवणाऱ्याच्या जागी बसून बघा. तो फॉर्म कसा भरेल? प्रत्येक अक्षर कार्डावरून जसंच्या तसं. त्याचं नाव कधीच मिसमॅच होत नाही. अक्षरं चुकतात ती खऱ्या माणसाची, ज्याची कागदपत्रं चाळीस वर्षांत दहा वेगवेगळ्या लोकांनी, दहा वेगवेगळ्या मूडमध्ये लिहिली आहेत. ढिली जुळणी ठेवली तर एकाच गावातल्या दोन सख्ख्या चुलत भावांत गोंधळ होईल, हा मुद्दा मात्र खरा आहे. सातबाऱ्याशी जुळवताना तो येतोच. पण मग शंका आली की माणसाला विचारा. तलाठी आहे, अंगणवाडी सेविका आहे. दोन्ही नावं शेजारी शेजारी दाखवा, फरकाच्या अक्षराखाली रेघ मारा, 'हा तोच माणूस आहे का' असं विचारा. आत्ता स्क्रीनवर काय येतं? लाल पट्टी आणि एक एरर कोड. काय जुळलं नाही, कुठे जुळलं नाही, काहीही नाही. दुरुस्त करायचं तरी काय?

बायकांच्या नावाचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आमच्याकडे लग्नात पहिलं नावही बदलायची रीत होती, म्हणजे तीनही रकाने नवे. जुन्या सातबाऱ्यांवर बाईच्या नावापुढे जौजे लिहिलेलं असतं, नवरा गेला असेल तर बेवा, पुरुषांना वल्द. सॉफ्टवेअर वल्दला मधलं नाव समजतं. 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी सप्टेंबर 2025 मध्ये सक्तीची झाली तेव्हा बाईच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी मागितला गेला. दोघंही हयात नसतील तर? विदर्भात, जिथे शेतकरी आत्महत्यांनी घरंच्या घरं बायकांच्या खांद्यावर आली, तिथे हा प्रश्न आधी कुणाला पडायला नको होता का? नंतर मुदत वाढली, मृत्यूचा किंवा घटस्फोटाचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायची वाट काढली गेली. बरं झालं. पण फॉर्म बनवताना खोलीत एक जरी विधवा बाई बसवली असती, तरी पहिल्या पाच मिनिटांत हे निघालं असतं. कंपन्या याला युजर रिसर्च म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात.

आणखी एक सांगतो, रागाने नाही, कौतुकाने. जुन्या तलाठ्याकडे यावर उपाय होता. तो एक शब्द लिहायचा: उर्फ. नामदेव उर्फ नामा. एका माणसाची दोन नावं असतात हे कागदाला मान्य होतं, त्यासाठी जागा होती, आणि ती नोंद फेरफारातून वारसापर्यंत चालायची. ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेल्या कागदी पद्धतीत जी सोय होती, ती आपण क्लाउडवर गेल्यावर काढून टाकली. डेटाबेसमध्ये उर्फचा रकाना ठेवायला काय लागतं? एक वेगळं टेबल. एकदा माणसाने खात्री केली की हे स्पेलिंग आणि ते स्पेलिंग एकाच माणसाचं, की ती जोडी तिथे जपून ठेवायची, म्हणजे पुढच्या योजनेत त्याच बाईला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. आज प्रत्येक योजना, प्रत्येक पोर्टल तिला शून्यापासून विचारतं.

पुण्यात एका मीटिंगमध्ये मी हे बोललो. समोरचा म्हणाला, हा एज केस आहे. म्हणजे कडेचा, क्वचितचा प्रसंग. ठीक आहे. मग नकाशाच्या ॲपवर इंग्रजीत अमरावती टाका. एक 'ए' जास्त पडला की तुम्ही आंध्रच्या राजधानीत. एका अख्ख्या शहराची स्पेलिंगवरून ही गत, तिथे एका आत्याची काय कथा. आणि भारतात नाव रोमनमध्ये एकाहून जास्त तऱ्हांनी लिहिलं जाणारा माणूस जर कडेला असेल, तर मधे कोण आहे?

आता पुढचं बघा. राज्य सरकारने 2024 च्या मार्चमध्ये निर्णय घेतला: 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय चांगला आहे, माझ्या आईलाही आवडला. पण त्यातून नाव चार भागांचं झालं आणि बहुतेक फॉर्मवर रकाने अजून तीनच आहेत: फर्स्ट, मिडल, लास्ट. कुणी आईचं नाव पहिल्या रकान्यात जोडून टाकेल, कुणी वडिलांच्या शेजारी, कुणी जागा पुरली नाही म्हणून गाळेल. ती मुलं 2030 साली पहिलीत जातील. त्यांच्या प्रवेशाचा फॉर्म ज्या ऑफिसात बनायचा आहे तिथे कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर आत्ताच फोन करा.