चौथी सीट

गेल्या अंकात आहेराच्या पाकिटांविषयी लिहिले, तेव्हा दोन-तीन वाचकांनी ‘हे आमचेच पाकीट दिसते’ अशी गोड तक्रार केली. पुन्हा तसा प्रसंग नको, म्हणून या वेळी दुसऱ्याच्या घरात न डोकावता आपल्याच घरचे सांगतो. सुरुवात मात्र गाडीपासून करावी लागेल. डोंबिवलीत राहून मंगलदास मार्केटमध्ये धंदा करणाऱ्या माणसाचे आयुष्य घर आणि दुकान यांत वाटलेले असते, हा समज अपुरा आहे. तिसरा वाटा गाडीचा असतो, आणि वाटणीच्या वेळी तोच कधी तक्रार करीत नाही.

लोकलमधील बाक तीन माणसांचे, असे रेल्वेचे म्हणणे. प्रवाशांनी त्यावर चौथा माणूस बसवला आणि त्या नसलेल्या जागेला ‘चौथी सीट’ हे नाव देऊन रीतसर मान्यताही दिली. चौथ्या सीटवरील गृहस्थ बसलेला आहे असे म्हणवत नाही, उभा आहे असेही म्हणवत नाही. त्याचा चतुर्थांश देह बाकावर आणि बाकीचा वाटेत असतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते म्हणतात. सगळ्यांना ऐसपैस जागा मिळाल्याचा तोच बहुधा शेवटचा दिवस.

या गाडीत एक-शब्दी सौदा चालतो. उभा असलेला माणूस बसलेल्याला विचारतो, “कुठे?” म्हणजे आपण कोठे उतरणार, आणि उतरलात की ही जागा माझी. समोरचा “घाटकोपर” म्हणाला की करार पक्का झाला. त्याला साक्षीदार नाही, स्टँप नाही, दलाली नाही. तरी हा शब्द फिरल्याचे मी तीस वर्षांत क्वचितच पाहिले. आमच्या बाजारातील काही मोठ्या पेढ्यांविषयी मला असे लिहिता आले असते, तर फार आनंद झाला असता.

चौथ्या सीटविषयी मला विशेष जिव्हाळा आहे, कारण दुकानातही मी तिथेच बसतो. आमचे दुकान अस्तराच्या कापडाचे. गादीवर वडील, म्हणजे अण्णा, वय ७४. समोर संगणकापुढच्या फिरत्या खुर्चीवर चिरंजीव. वय २४, बी. कॉम. या दोघांच्या मध्ये, ताग्यांना टेकून, अर्धा टेकलेला आणि अर्धा उभा असा मी. अण्णा म्हणतात, “त्याला सांग, वहीत लिहिल्याशिवाय माल सोडू नकोस.” चिरंजीव म्हणतो, “आजोबांना सांगा, बिल निघालं की नोंद आपोआप होते.” दोघांत अंतर चार हातांचे. पण निरोप माझ्यामार्फत जातो.

अण्णांचे स्वभावविशेष सांगू लागलो तर अंक पुरणार नाही. ते दुसऱ्या वर्गानेच प्रवास करतात. त्यांच्या मते पहिल्या वर्गात गर्दी तीच, फक्त भाडे निराळे. ज्येष्ठ नागरिकांच्या राखीव जागेवर ते बसत नाहीत, कारण “तिथे सगळे म्हातारे असतात.” दिवसाउजेडी जेवण्याचा त्यांचा नेम गाडीतच पाळला जातो. संध्याकाळी डबा उघडला की आमच्या गटातील एक ठाणेकर गृहस्थ, ज्यांचा या नेमाशी काडीचाही संबंध नाही, मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ काढून बसतात आणि कुर्ला गेले की पुकारतात, “अण्णा, अकरा मिनिटं!” मग शेजारचे दोघे आपापली कोपरे आवरतात, कोणी पाण्याची बाटली पुढे करतो आणि सारा कप्पा अण्णांच्या घासांवर लक्ष ठेवून असतो. वेळेत जेवण आटोपले की त्या अनोळखी माणसांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते घरच्या पंगतीतही मी पाहिलेले नाही.

तर अशा या अण्णांना भाद्रपदातील एका दुपारी गादीवर डुलकी लागली. वही छातीवर उघडी, चष्मा कपाळावर, तोंड किंचित वासलेले. चिरंजीवाने फोटो काढला आणि आमच्या ४२ जणांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. खाली ओळ लिहिली: ‘सिस्टिम हँग झाली आहे.’

हशा उसळला. इंदूरची आत्या हसली, सांगलीचे काका हसले. आणि मीही हसलो, हे येथे लपवून उपयोग नाही. एक हसरा चेहरा अपुरा वाटला, म्हणून दोन पाठवले.

अण्णांकडे साधा फोन आहे, त्यामुळे ही गंमत त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. ती पोहोचली एका साखरपुड्यात. कोणा पुतण्याने जिलेबी वाढता वाढता विचारले, “काय काका, सिस्टिम सुरू झाली का?” आजूबाजूचे हसले. अण्णांना कळेना. त्यांनी शेजाऱ्याला विचारले, शेजाऱ्याने फोन काढून दाखवला. अण्णांनी फोटो पाहिला, फोन परत दिला आणि पानातली जिलेबी संपवली. पानात टाकायचे नाही, हाही त्यांचा नेम.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे गुडघे दुखू लागले. दुकानाच्या किल्ल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. राग नाही, बोलणे नाही. चिरंजीवाने दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन पाहिले. दोन्ही वेळा “पाणी हवं का?” एवढेच विचारून तो परतला. मी त्याला रागवायला गेलो, तर तो म्हणाला, “बाबा, तुम्ही दोन पाठवले होते.” यावर मला उत्तर सुचले नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. नुसत्या स्मितापासून निघून ते डोळ्यांत पाणी आणणाऱ्या अतिहसितापर्यंत जातात. पहिले दोन उत्तम माणसांचे आणि शेवटचे दोन अधमांचे. त्या हिशेबाने आमचा ४२ जणांचा गट कोणत्या पंक्तीत बसतो ते मी सांगत नाही. पालीसारख्या गंभीर विषयाचे अध्यापक असलेल्या चि. वि. जोशी यांनी चिमणराव निर्माण केला. त्या चिमणरावाची फजिती आपल्याला खुपत नाही, कारण ती तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. अण्णांची फजिती ४२ तोंडांनी सांगितली होती. त्यात त्यांचे तोंड नव्हते.

इकडे घरात निराळेच संकट उभे राहिले. पन्नास वर्षे दुकान चालवलेला माणूस घरी बसला की घराचे दुकान करतो. पहिल्या आठवड्यात अण्णांनी स्वयंपाकघरातील डब्यांची मोजदाद केली. दुसऱ्या आठवड्यात दूधवाल्याच्या हिशेबात साडेतीन लिटरांची तफावत काढली. भाजी पुन्हा तोलण्यासाठी जुना तराजू माळ्यावरून उतरवला. मुगाचा डबा ‘जुना माल आधी’ या तत्त्वाने पुढे आला आणि रोज मुगाची उसळ होऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे सांगितले, “एक तर त्यांना दुकानात न्या, नाही तर उद्यापासून मी दुकानात येते. घर ते सांभाळतीलच.”

अखेर दिवाळीच अण्णांना बाहेर काढणार होती. लक्ष्मीपूजनाच्या वह्या आजवर त्यांनी स्वतः पारखून घेतल्या आहेत. कागदावर नख फिरवून, शिवण ओढून. ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी ते टोपी घालून दारात उभे राहिले. “वह्या आणायच्या आहेत,” म्हणाले. चिरंजीव एरवी आमच्या नंतरच्या गाडीने येतो. त्या दिवशी दाढी अर्धी टाकून आमच्याबरोबर निघाला.

गाडी कल्याणहून भरून आली होती. आमच्या गटातील कल्याणच्या गृहस्थांनी अण्णांना पाहताच खिडकी सोडली. तीन आठवडे कोठे होता, असे कोणी विचारले नाही. मी नेहमीप्रमाणे चौथ्या सीटवर. चिरंजीव दोन बाकांच्या मध्ये, वरच्या कडीला लोंबकळत, आजोबांकडे न पाहता खिडकीबाहेर पाहत उभा. ठाणे गेले. मुलुंडनंतर पाठीवर पिशवी लावलेल्या एका तरुणाने वाकून अण्णांना तो एक-शब्दी प्रश्न केला.

“आजोबा, कुठे?”

अण्णांनी त्याच्याकडे पाहिले. मग चिरंजीवाकडे पाहिले; तीन आठवड्यांत प्रथमच.

“व्हीटी,” अण्णा म्हणाले. “पण सिस्टिम जुनी आहे. मध्येच हँग झाली, तर हा उतरवून घेईल.”

कप्प्यातील सात-आठ माणसे मनापासून हसली. त्यांना मागचे काही ठाऊक नव्हते. एक म्हातारा गमतीचे बोलला, एवढेच त्यांच्या लेखी. चिरंजीव मात्र हसला नाही. त्याने कडी बदलली, दुसऱ्या हाताने धरली आणि बाहीने तोंड पुसले. घाम आला असावा. ऑक्टोबरात मुंबईत येतोच. घाटकोपरला गर्दीचा लोट आला, तेव्हा तो अण्णांच्या गुडघ्यांपुढे दोन्ही हात रोवून असा उभा राहिला की मुंगीलाही आत शिरता येऊ नये. कुर्ल्यापर्यंत अण्णा त्याच्या पोटाला टेकूनच बसले होते.

दिवसभर दुकानात विशेष काही घडले नाही. वह्या आणल्या. त्यांतली एक अण्णांनी परत पाठवली. दुपारी मी सवयीने निरोप घेण्यासाठी कान पुढे केला, तर चिरंजीव थेट गादीजवळ जाऊन म्हणाला, “आजोबा, सुरतेच्या पार्टीचं हे बिल एकदा बघता का?” मी ताग्यांना टेकून रिकामाच राहिलो.

संध्याकाळी दिवाणजींवर दुकान सोपवून आम्ही तिघे लवकर निघालो. त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि सौभाग्यवतींनी डब्यात मुगाची उसळच दिली होती. टर्मिनसवर गाडी लागत असतानाच चिरंजीव उडी मारून आत शिरला आणि त्याने खिडकी व तिच्या शेजारची अशा दोन जागा धरल्या. अण्णा खिडकीशी, मी मध्ये, कडेला एक अनोळखी गृहस्थ. चिरंजीव उभा. भायखळा गेल्यावर अण्णांनी मला कोपराने ढोसले. “सरक.” मी सरकलो, कडेचे गृहस्थ सरकले आणि बाकाच्या टोकाला चार बोटे जागा निघाली. चिरंजीव तीवर टेकला.

“अण्णा, एकोणीस मिनिटं!” ठाणेकरांनी पुकारा केला.

अण्णांनी डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्यावरून पलीकडे हात केला. “तो फोटो दाखव.”

चिरंजीवाने मान खाली घातली. “काढून टाकला, आजोबा.”

“मग बाबाच्या फोनमध्ये असेल. त्याने दोन हसरे पाठवले होते म्हणे.”

माझ्या फोनमध्ये होता. अण्णांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. सूर्यास्ताला पंधरा मिनिटे उरली होती आणि घास हातातच होता.

“हा बघ चष्मा,” ते म्हणाले. “कपाळावर होता होय! त्या दिवशी सबंध दुपार मी तो शोधत होतो. फोटो काढलास, तर मला आधी दाखवायचास ना.”