गिऱ्हाईक झालो, दुकानदार केव्हा होणार?

अमरावती किंवा अकोला येथील कोणतेही दैनिक उघडावे, व्यापारी वार्तांचे पान ठरलेले असते. नव्या दालनाचे उद्घाटन, व्यापारी मंडळाच्या नूतन कार्यकारिणीचे पदग्रहण, ग्राहक मेळा, जुन्या पेढीच्या मालकांचा सत्कार आणि कापसाच्या हंगामाचा मुहूर्त अशा या वार्ता असतात. आपल्या समाजातील सुशिक्षित वाचक नोकरभरतीची जाहिरात बारकाईने वाचतो, मोर्चाची बातमी वाचतो, न्यायालयाचा निकाल वाचतो. व्यापाराचे पान मात्र तो उलटून टाकतो. हा मजकूर आपल्यासाठी नव्हेच, असे त्याने मनाशी धरलेले असते. वाचकहो, आमचे म्हणणे असे की, हे पान यापुढे उलटू नये. त्या पानावर कोणाची नावे आहेत हे पाहावे आणि कोणाची नाहीत हेही पाहावे.

आज हे सांगण्याचे निमित्त उघड आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथील समारंभात अमरावतीच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. नांदगाव पेठेच्या औद्योगिक परिसरात एक हजार एकरांवर सूत, कापड व तयार कपडे यांचे कारखाने एकत्र उभारण्याची ही योजना आहे. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून प्रवासी विमाने उडू लागली. वऱ्हाडात भांडवल येऊ घातले आहे यात शंका नाही. प्रश्न इतकाच की, त्या एक हजार एकरांत बौद्ध तरुण कोणत्या दाराने शिरणार? मजुरांच्या फाटकाने, की मालाचा पुरवठा करणाऱ्याच्या आणि गाळा घेणाऱ्याच्या दाराने?

हा प्रश्न नवा नाही. वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात गेला त्याला दीडशे वर्षे झाली. १८७० साली खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला. १८८६ साली कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला. १८९७ साली तर वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदाच झाला आणि मापाडी व दलाल यांना परवाने लागू लागले. हिंदुस्थानात बाजार समित्यांचा पाया या मुलखात घातला गेला, याचा वऱ्हाडी माणसाला अभिमान वाटतो, आणि तो योग्यही आहे. परंतु त्या समित्यांवर व्यापाऱ्यांचेच प्राबल्य होते. माल पिकविणारा तेथे नावापुरता होता आणि माल उचलणारा मुळीच नव्हता. शेतात कापूस वेचणारी आपली आई, जिनात सरकी वेगळी करणारी आपली बहीण आणि गठाणी वाहणारा आपला बाप यांचा हात त्या कापसाला प्रत्येक टप्प्यावर लागला. पेढीच्या गादीवर मात्र तो हात कधी टेकला नाही.

कापूस मुंबईच्या गिरणीत पोचला तेव्हा तेथेही हीच तऱ्हा होती. कापड विणण्याच्या खात्यात मजुरी अधिक मिळे. त्या खात्यात अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातील दोरा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे इतरांना विटाळ होईल. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. ज्या कापडाला अस्पृश्याचा हात चालत नव्हता, त्याच कापडाच्या कारखान्यांची नगरी आज अमरावतीत वसू पाहत आहे. म्हणून ही वार्ता आपणास परकी नाही.

आता कायद्याकडे वळू. संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले सर्वांना खुली केली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा चालू असता 'दुकान' या शब्दाची व्याप्ती किती, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की, हा शब्द अत्यंत व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. जो कोणी येईल त्याला आपली सेवा देण्यास धनी जेथे तयार असतो ते दुकान होय. पुढे २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच विवेचनाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थांनाही या तरतुदीच्या कक्षेत आणले. एका शब्दाचा केवढा हा पल्ला!

तथापि या तरतुदीची मर्यादाही ओळखली पाहिजे. तिने आपणास गिऱ्हाईक म्हणून दुकानात नेले. अनुच्छेद १९ ने कोणताही धंदा करण्याची मोकळीक दिली, म्हणजे दुकान थाटण्यास मज्जाव राहिला नाही. परंतु आपण थाटलेल्या दुकानाची पायरी इतरांनी चढावी, आपल्या हुंडीवर विश्वास ठेवावा, आपणास उधारीवर माल द्यावा, हे कोणत्याही अनुच्छेदाने घडत नाही. विकत घेण्याचा हक्क कायद्याने मिळाला. विकण्याची पत समाजाच्या हाती राहिली.

या अंतराचा चटका खुद्द बाबासाहेबांना बसला होता. बडोद्याची नोकरी सोडून १९१७ साली ते मुंबईस परतले, तेव्हा कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या या विद्वानाने शेअर बाजारातील लोकांना सल्ला देणारी एक पेढी काढली. प्रारंभी गिऱ्हाइके आली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ती येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. तेथे ज्ञान कमी नव्हते, सचोटी कमी नव्हती, कायद्याचीही बंदी नव्हती. जात कळली, एवढेच घडले. आज आपल्यातील एखादा दुकानदार पाटीवर आडनाव लिहावे की न लिहावे या विचारात पडतो, तेव्हा तो त्याच पेढीच्या पायरीवर उभा असतो.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर खेडोपाडी काय झाले ते वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. ढोरे ओढण्याचे काम नाकारले, गावकीची कामे सोडली, आणि त्याची शिक्षा म्हणून वाण्याने तेलमीठ बंद केले, पिठाची गिरणी बंद झाली, मजुरी बंद झाली. बाजार हेच जातीचे शस्त्र ठरले. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने माल विकण्यास नकार देणे हा गुन्हा केला होता. परंतु आपल्या माणसाकडून घेण्यास नकार देण्याचे काय? याचे उत्तर पुष्कळ उशिरा आले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेली आणि २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेली दुरुस्ती 'आर्थिक बहिष्कार' या शब्दाची व्याख्या करते. त्या व्याख्येत व्यवहार करण्यास वा धंदा करण्यास नकार देणे येते, आणि तसा बहिष्कार अनुसूचित जातीच्या व्यक्तीवर घालणे वा घालण्याची धमकी देणे हा गुन्हा आहे. मारहाण झाली म्हणजेच अत्याचार, अशी समजूत आपल्यातही रूढ आहे. ती सोडली पाहिजे. आपल्या दुकानातून कोणी माल घेऊ नये असे गावाने ठरविले, तर तारीख, साक्षीदार व शब्द टिपून ठेवावेत आणि फिर्याद द्यावी.

दुसरे साधन सरकारच्या स्वतःच्या खरेदीचे आहे. २०१२ च्या केंद्रीय धोरणानुसार मंत्रालये, खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून ठराविक खरेदी करावयाची आहे. २०१८ पासून हे प्रमाण शेकडा २५ असून त्यांतील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून व्हावयाचे आहेत. रेल्वे, डाक खाते, भारतीय कापूस महामंडळ हे सारे या कक्षेत येतात. ४ टक्क्यांचे हे लक्ष्य वर्षानुवर्षे अपुरे राहिले आहे. पुरवठादारच मिळत नाहीत, हे त्याचे नेहमीचे उत्तर असते. हे उत्तर खोटे पाडणे आपल्या हाती आहे. बडनेऱ्याच्या आणि अकोल्याच्या किती बौद्ध कारागिरांनी व दुकानदारांनी 'उद्यम' नोंदणी केली आहे? निविदा वाचणारे किती आहेत?

येथे दोन इशारे देणे वकील या नात्याने आम्हांस आवश्यक वाटते. पहिला असा की, आपले नाव कोणास उसने देऊ नये. भागीदारीत वा कंपनीत किमान ५१ टक्के हिस्सा अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा असेल तरच तो उद्योग या सवलतीस पात्र होतो. म्हणून कागदावर आपला माणूस आणि गल्ल्यावर दुसराच, असा व्यवहार सुचविणारे पुष्कळ भेटतील. सही आपली, नफा त्यांचा आणि खटला आपल्यावर, असा त्याचा शेवट होतो. दुसरा इशारा दाखल्यासंबंधी. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रात पूर्वीच्या जातीचा उल्लेख मागितला जातो. टाकून दिलेले नाव पुन्हा का लिहावे, असे स्वाभिमानी माणसास वाटते, आणि ते वाटणे रास्त आहे. परंतु दाखल्यावरील तो शब्द आपल्या श्रद्धेची नोंद नव्हे. समाजाने केलेल्या अन्यायाची ती नोंद आहे. जखमेचा दाखला घेतल्याने कोणी पुन्हा जखमी होत नाही. काम अडण्यापूर्वी हा कागद तयार ठेवावा.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही व भांडवलशाही या दोहोंना शत्रू म्हटले. मग आपण व्यापाऱ्यांच्या पंक्तीला का बसावे? आक्षेप गंभीर आहे व त्याचे उत्तर दिलेच पाहिजे. भगवान बुद्धांचे पहिले उपासक तपस्सू व भल्लिक हे व्यापारी होते, आणि जेतवनाचे दान करणारा अनाथपिंडिकही श्रेष्ठी होता. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचा एक भाग उपभोगास, दोन भाग धंद्यास व एक भाग संकटकाळासाठी ठेवावा असे सांगितले आहे. धम्माने व्यापार निषिद्ध मानला नाही. शस्त्रे, माणसे, मांस, मद्य व विष यांचा व्यापार निषिद्ध मानला. म्हणून सम्यक आजीव ही आपली कसोटी राहील. आणि तीच कसोटी सांगते की, मालक बौद्ध झाला म्हणून मजुराची पिळवणूक क्षम्य होत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालास जे संरक्षण दिले, ते आपल्या गोदामातील हमालासही पूर्णपणे मिळाले पाहिजे. गादीवरचा माणूस बदलला आणि गठाण वाहणाऱ्याची स्थिती तशीच राहिली, तर त्यास आम्ही प्रगती म्हणणार नाही. शक्य तेथे सहकारी संस्था काढावी, हे म्हणूनच अधिक श्रेयस्कर.

'स्टँड अप इंडिया' योजनेचा अनुभव ताजा आहे. २०१६ ते २०२५ या काळात बँकेच्या प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका व्यक्तीस दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज द्यावे, अशी ती योजना होती. मुदत संपली. आपल्या तालुक्यातील शाखांनी ते कर्ज कोणाला दिले, हे त्या नऊ वर्षांत किती विहारांच्या बैठकीत विचारले गेले? वस्त्रोद्योग उद्यानाच्या बाबतीत तसे होऊ नये.

म्हणून अमरावती व अकोला येथील बौद्ध बांधवांना आमची विनंती आहे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक बैठक केवळ धंद्यासाठी व्हावी. तीत नोंदणी, दाखले व निविदा यांची माहिती एखाद्या हिशेबनिसाने व एखाद्या वकिलाने विनामूल्य द्यावी. औद्योगिक महामंडळाकडून भूखंडांची जाहिरात निघताच ती विहाराच्या फलकावर लागावी. व्यापारी मंडळांचे सभासदत्व मागावे. नाकारले तर लेखी कारण मागावे. आणि आपल्यातील जो दुकान थाटील त्याच्याकडून माल घ्यावा, परंतु माप व दर चोख असेल तरच. कारण उपकार म्हणून केलेल्या खरेदीवर कोणतीही पेढी टिकत नाही.

चवदार तळ्याचे पाणी प्यावयास आपण गेलो, ते केवळ तहान लागली म्हणून नव्हे. पेठेत जावयाचे तेही केवळ पैशासाठी नव्हे. ज्या बाजाराने आपणास बहिष्कृत केले त्या बाजारात आपले माप व आपला शब्द चालावा, यासाठी जावयाचे आहे. हक्क कागदावर आहे. आता पाटीवर आपले नाव उघडपणे लिहावयाचे आहे.